गाठ कडक, पेशी मऊ: पेशीचा सांगाडा आणि सिग्नलिंगबद्दल दोन प्रश्न

तुळई

नमस्कार मंडळी.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जीवशास्त्र शाळेबरोबर सुटलं ते सुटलंच. घरातल्या एका आजारपणामुळे सध्या कर्करोगाबद्दल हाताला लागेल ते वाचतोय, आणि दोन गोष्टी काही केल्या जुळत नाहीत.

पहिली गोष्ट: गाठ हाताला लागते, कारण ती भोवतालच्या ऊतीपेक्षा कडक असते. स्तनाच्या निरोगी ऊतीचा यंग्स मॉड्युलस (कडकपणाचं माप) शेकड्यांत पास्कल, गाठीचा हजारांत. दुसरी गोष्ट: अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची सुई टेकवून एकेकटी कर्कपेशी दाबली की ती निरोगी पेशीपेक्षा मऊ निघते. २००७ साली रुग्णांच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातल्या पेशी अशा मोजल्या होत्या. पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याच पाण्यातल्या साध्या पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ भरल्या. घटक मऊ आणि सबंध रचना कडक, हे माझ्या हिशोबात बसत नाही.

आणखी एक. पुस्तकात सिग्नलिंगचा (पेशीतल्या निरोपानिरोपीचा) धडा वेगळा, सायटोस्केलेटनचा (पेशीच्या सांगाड्याचा) वेगळा. सिग्नलिंगच्या आकृतीत ईजीएफआर, रास, राफ, मेक, अर्क अशा प्रथिनांचे बाणांवर बाण आणि शेवटी ‘पेशीविभाजन’. सांगाड्याच्या धड्यात अ‍ॅक्टिन, मायक्रोट्यूब्यूल, इंटरमीजिएट फिलामेंट हे तंतू, आणि काम काय तर आकार देणं, आधार देणं. कर्करोगाच्या वाढीत या सांगाड्याला काही मत आहे, की तो नुसता हुकमाचा ताबेदार?

काचपट्टी

तुळई, दोन्ही मोजमापं बरोबर आहेत. फक्त दोन्हींत नमुना एक नाही.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पेशी वाढवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं, हे माझं काम. तेव्हा उपचारांचं मला विचारू नका, पेशीचं खुशाल विचारा.

हाताला लागते ती गाठ नुसत्या कर्कपेशींची नसते. तिच्यात फायब्रोब्लास्ट (ऊतीतले आधाराचे तंतू बनवणाऱ्या पेशी) असतात, रक्तवाहिन्या असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात, आणि या सगळ्यांच्या मधून कोलॅजनचं जाळं गेलेलं असतं. गाठीतले फायब्रोब्लास्ट चेकाळल्यासारखे कोलॅजन ओतत राहतात. लायसिल ऑक्सिडेज नावाचं एंझाइम त्या तंतूंना एकमेकांत टाके घालत जातं. वर आत कोंडलेल्या द्रवाचा दाब. चाचपताना जो कडकपणा कळतो तो मुख्यतः या सगळ्याचा. सुईने मोजला तो त्यात राहणाऱ्या एका पेशीचा, तोही तिला बाहेर काढून. पेशीच्या पडद्याला आतून अ‍ॅक्टिनच्या बारीक जाळीचं अस्तर असतं. पेशी किती दबते ते बरंचसं हे अस्तर ठरवतं, आणि कर्कपेशीत ते बदललेलं असतं. शिवाय पेशीचा कडकपणा पोलादासारखा ठरलेला नसतो. तीच पेशी कशावर बसली आहे त्याप्रमाणे स्वतःला ताणते किंवा सैल सोडते.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सांगाड्याला मत आहे, आणि भरपूर आहे.

पेशी आपल्या आजूबाजूचा कडकपणा ओढून बघते. भिंतीतला खिळा आणि लोण्यात खोचलेला खिळा यातला फरक बघून कळत नाही, ओढल्यावर कळतो, तसंच हे. पडद्यात इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. ती बाहेरून कोलॅजन, फायब्रोनेक्टिन वगैरेंना धरून असतात. आतल्या बाजूने त्यांना टॅलिन चिकटतं आणि टॅलिनला अ‍ॅक्टिनचे दोर. या दोरांवर मायोसिन बसलेलं असतं, ते सतत खेचत असतं. बाहेरचं काही हललंच नाही तर सगळा ताण टॅलिनवर येतो. टॅलिनच्या दांड्यात गुंडाळलेले १३ तुकडे आहेत. काही पिकोन्यूटन जोर आला की त्यातले काही उलगडतात, आणि आत लपलेल्या जागा उघड्या पडून तिथे व्हिन्क्युलिन येऊन बसतं. पकड आणखी पक्की. तुमच्या भाषेत हा लोड सेल, फक्त वाचन दाखवतानाच स्वतःची पकड घट्ट करणारा. खाली जमीन मऊ असेल तर ताण पुरेसा वाढतच नाही आणि हे सगळं घडायच्या आतच सुटतं.

आता या पकडीच्या ठिकाणी आणखी कोण जमतं बघा. फोकल अ‍ॅढेशन कायनेज, म्हणजे फॅक (कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावून त्यांचं काम बदलणारं एंझाइम). आणि सार्क. दोघंही अस्सल सिग्नलिंगवाले. पकड घट्ट झाली की फॅक आणि सार्क चालू होतात आणि त्यांचा निरोप पुढे रासपर्यंत, म्हणजे तुमच्या त्या बाणांच्या साखळीत जाऊन पोचतो. म्हणून मला त्या आकृत्यांचा राग येतो. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली रिकामी पिशवी आणि त्यात बाण तरंगतायत, असं काहीतरी चित्र मनात बसतं, आणि एकदा बसलं की जात नाही.

उलट दिशेचा रस्ताही तितकाच रुळलेला आहे. रो, रॅक आणि सीडीसी-४२ ही रासचीच भावंडं: जीटीपी हा छोटा रेणू धरला की चालू, तो तोडून जीडीपी झाला की बंद. १९९२ मध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये ही प्रथिनं बारीक सुईने टोचून दाखवलं, की रो टोचलं तर पेशीत अ‍ॅक्टिनचे जाड ताणलेले दोर तयार होतात आणि रॅक टोचलं तर कडेचा पडदा झालरीसारखा फुलतो. सीडीसी-४२ बोटांसारखे काटे काढतं, ते पुढे १९९५ मध्ये कळलं. रो पुढे रॉक नावाच्या कायनेजला उठवतं आणि रॉक मायोसिनला खेचायला लावतं. म्हणजे वाढघटक पडद्यावर येऊन बसला की सांगाडा हलतो, आणि सांगाडा ताणला की वाढीचा संकेत वाढतो. वर्तुळ आहे ते. कर्करोगात हे वर्तुळ एका बाजूला कलतं आणि तिथेच फिरत राहतं: जमीन कडक, म्हणून पेशी जोरात खेचते, म्हणून तंतू आणखी ताणून एका रेषेत येतात, म्हणून जमीन आणखी कडक.

विभाजनाचा निर्णय यातून कसा होतो, ते मी रोज डोळ्यांनी बघते म्हणून थोडं सविस्तर सांगते. एकाच बाटलीतल्या पेशी घ्यायच्या. अर्ध्या काचेवर पसरायच्या, अर्ध्या मऊ पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर. दोन्हींवर कोलॅजनचा तोच थर, माध्यम तेच, त्यातले वाढघटक तेच. दुसऱ्या दिवशी पेशी स्थिर करून अ‍ॅक्टिन फॅलॉइडिनने लाल रंगवायचं. हे फॅलॉइडिन मूळचं एका जहाल विषारी अळंबीतलं, आणि मला अख्ख्या प्रयोगशाळेत सगळ्यात लाडकं. याप नावाचं प्रथिन हिरवं रंगवायचं. काचेवरच्या पेशी पसरलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दोर ताणलेले, आणि केंद्रक हिरवंगार. जेलवरच्या पेशी गोल, लहानशा, दोर जवळपास नाहीतच. हिरवा रंग केंद्रकाबाहेर पसरलेला आणि केंद्रकाच्या जागी काळोखा खड्डा. मग काचेवरच्या पेशींवर रॉकला रोखणारं वाय-२७६३२ घालायचं. दोर विरघळल्यासारखे नाहीसे होतात, पेशीला लांबलांब शेपट्या फुटतात, आणि हिरवा रंग केंद्रकातून बाहेर यायला लागतो. याप केंद्रकात असलं की विभाजनाची आणि तग धरण्याची जनुकं चालू होतात. कडकपणा, अ‍ॅक्टिनचा ताण आणि याप यांचा हा संबंध इटलीतल्या पादोव्हाच्या गटाने २०११ मध्ये मांडला.

पेशीच्या आकाराचा आणि वाढीचा संबंध आहे हे मात्र त्याच्या खूप आधीपासून माहीत होतं. फोकमन आणि मॉस्कोना यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की पेशीला पसरू दिलं नाही, गोल ठेवलं, तर ती डीएनए तयार करणं कमी करते. १९९७ मध्ये चेन, इंगबर आणि सहकाऱ्यांनी काचेवर चिकट बेटं छापून पुढची शंका मिटवली. चिकटायला जागा तेवढीच, पण ती ठिपक्याठिपक्यांनी दूर पसरलेली असेल तर पेशी ताणून पसरते आणि जगते. तीच जागा एका लहान बेटात एकवटली तर मरते.

अ‍ॅक्टिन स्वतःच निरोप्या होतं, हे तर मला सगळ्यात आवडतं. सुटं अ‍ॅक्टिन एमआरटीएफ नावाच्या प्रथिनाला धरून बाहेर अडकवून ठेवतं. दोर विणायला घेतले की सुटं अ‍ॅक्टिन संपत जातं, एमआरटीएफ मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि तिथल्या एसआरएफ या प्रथिनाबरोबर जनुकं चालू करतं. त्या जनुकांत अ‍ॅक्टिनचं जनुकही असतं! मध्ये ना कायनेज, ना बाण.

मग कर्कपेशी यात काय मोडते? परवानगी. निरोगी आवरणपेशी जमिनीला धरून नसेल तर ती वाढत नाही, बहुधा मरतेच; या मरणाला अ‍ॅनॉयकिस म्हणतात. कर्कपेशीला ही अट जाचत नाही. अर्धवट गोठलेल्या मऊ अगारमध्ये, जिथे धरायला काहीच नाही, तिथेही ती गोल गोल वसाहती करून वाढते. ही चाचणी १९६४ पासूनची आहे आणि आम्ही आजही करतो. रासच्या १२व्या जागेवरचं ग्लायसिन बदललं की ते बंद व्हायचं विसरतं. सार्क सतत चालू राहिलं तर पकड नसतानाही ‘पकड आहे’ असा निरोप जात राहतो. सार्कची गोष्ट तर मुळातच दोन्ही धड्यांची आहे. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीतल्या ज्या सार्कोमाचा विषाणू दाखवला, त्याचं हे जनुक. ते पेशीत शिरलं की एकाच प्रथिनामुळे पेशी बेसुमार वाढते आणि तिचे अ‍ॅक्टिनचे दोर मोडून ती गोल होते. यात सिग्नलिंग कुठे संपलं आणि सांगाडा कुठे सुरू झाला ते मला कुणी रेघ ओढून दाखवावं.

मर्लिन हे दुसरं उदाहरण. पडदा आणि अ‍ॅक्टिन यांच्यामधलं हे जोडप्रथिन, त्याचं जनुक एनएफ-२. ते गेलं की श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठी होतात, मेंदूच्या आवरणावर होतात. मेसोथेलिओमातही (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) ते बऱ्याचदा गमावलेलं असतं. कामाने सांगाड्याचा सांधा, आणि यादीत नाव ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ आवरणारं जनुक, म्हणून.

राहिला पेशीचा मऊपणा. तो प्रवासात उपयोगी पडतो. कोलॅजनच्या जाळ्यातली भोकं पेशीपेक्षा बारीक असतात, त्यातून अंग चोरून निघावं लागतं. अडतं ते केंद्रक, कारण पेशीतला सगळ्यात ताठ भाग तोच. फार अरुंद फटीतून जाताना केंद्रकाचा पडदा फाटतो आणि डीएनएला इजाही होते. २०१६ मध्ये दोन गटांनी हे जिवंत पेशींत टिपलं. म्हणजे पसरताना नवी म्युटेशन्स व्हायचीही सोय झाली.

निळाजांभळा

काचपट्टी, झकास. मी पॅथॉलॉजीत आहे, तुमच्यासारखा जिवंत पेशी बघत नाही. माझ्याकडे सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडून, मेणात बसून येतं. तरी सांगाडा मलाही रोज भेटतो. गाठ कुठून आलेली हे कळत नसेल तर आम्ही इंटरमीजिएट फिलामेंटच रंगवतो. केराटिन दिसलं तर आवरणपेशींचा कार्सिनोमा असण्याकडे कल, डेस्मिन दिसलं तर स्नायूकडे, जीएफएपी दिसलं तर मेंदूतल्या ग्लियाकडे. केराटिनवाल्या पेशीत व्हायमेंटिनही (एरवी फायब्रोब्लास्टसारख्या पेशींत असणारं फिलामेंट) दिसायला लागलं तर पेशी आपली जागा सोडायच्या विचारात आहे की काय अशी शंका येते. शंकाच, पुरावा नव्हे, कारण काही गाठींत दोन्ही मुळातच असतात.

तुळई, तुमच्या कडकपणाच्या प्रश्नाला एक अपवाद जोडतो. स्तनाचा लोब्युलर कार्सिनोमा. यात ई-कॅडहेरिन हे शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं प्रथिन बहुतेक वेळा गेलेलं असतं. आतून ते कॅटेनिन्समार्फत अ‍ॅक्टिनला बांधलेलं असतं, म्हणजे तोही सांगाड्याचाच सांधा. ते गेल्यामुळे पेशी घोळका करत नाहीत. निळ्या-जांभळ्या रंगातल्या काचपट्टीवर त्या एकामागोमाग एक अशा ओळीने तंतूंच्या मधून चाललेल्या दिसतात. परिणाम असा की हाताला ठळक गाठ लागतेच असं नाही, मॅमोग्राफीतही निसटू शकते. तेव्हा ‘कडक लागत नाही म्हणजे काही नाही’ असं कुणी धरून चालू नये.

जठराच्या डिफ्यूज प्रकारात हीच तऱ्हा. तिथे काही कुटुंबांत ई-कॅडहेरिनच्या जनुकातला दोष पिढीजात असतो. याच प्रकारात रो-ए चं जनुक बदललेलं सापडलं २०१४ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी मेलॅनोमात (त्वचेचा एक कर्करोग) रॅक-१ चं सापडलं होतं. काचपट्टींनी सांगितलेली ती भावंडंच ही.

शंकासुर

सगळं छान, पण दोन शंका. एक, हे काचेवरचं आणि जेलवरचं शरीरात खरं कशावरून? दोन, सांगाडा एवढा महत्त्वाचा असेल तर अ‍ॅक्टिन मोडणारं औषध द्या आणि मोकळे व्हा. का देत नाहीत?

काचपट्टी

पहिली शंका अगदी रास्त. ज्या प्लॅस्टिकच्या डबीत जगभर पेशी वाढवतात तिचा मॉड्युलस गिगापास्कलमध्ये असतो, म्हणजे स्तनाच्या ऊतीपेक्षा ती लाखो पटींनी कडक. आपण बघतो ते बरंचसं त्या कडकपणाचंच वागणं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून मिना बिसेल या संशोधिकेच्या गटाने मऊ त्रिमितीय जेलमध्ये पेशी वाढवायचा आग्रह धरला. १९९७ मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्कपेशींवरचं बीटा-१ इंटेग्रिन अँटिबॉडीने रोखलं, तर वेडीवाकडी वाढणारी पेशींची ढेकळं परत नीटस, पोकळ गाभ्याच्या दिशेने मांडणी केलेल्या गोळ्यांसारखी झाली. जनुकातले दोष होते तिथेच होते. उंदरांतही लायसिल ऑक्सिडेज रोखलं की ऊतीचा कडकपणा आणि गाठीची वाढ दोन्ही कमी होतात हे २००९ मध्ये दाखवलेलं आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

दुसरी शंका: अ‍ॅक्टिन मोडणारी रसायनं आहेत, सायटोकॅलॅसिन आणि लॅट्रनक्युलिन, आमच्या फ्रीजरमध्ये कायम असतात. पण हृदयाचा प्रत्येक ठोका अ‍ॅक्टिनवर मायोसिनने खेचल्यामुळे पडतो. कर्कपेशीचं अ‍ॅक्टिन तेवढं निवडून मोडायचं कसं?

मायक्रोट्यूब्यूल या सांगाड्यातल्या नळ्यांच्या बाबतीत मात्र माणसाने हे केलेलं आहे, आणि गेली कित्येक दशकं करतो आहे. सदाफुली माहीत आहे ना? तिचा अर्क मधुमेहावर म्हणून तपासायला घेतला होता. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन निघाली. ती मायक्रोट्यूब्यूल बांधूच देत नाहीत. यू झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल नेमकं उलटं: बांधलेल्या नळ्या सुटूच देत नाही. त्याची रचना १९७१ मध्ये कळली, काम कसं करतं ते सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं, आणि १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत बीजाशयाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. विभाजनात गुणसूत्रं ओढून वेगळी करायला या नळ्या क्षणाक्षणाला वाढाव्या आणि तुटाव्या लागतात. थिजवल्या काय किंवा बांधू दिल्या नाहीत काय, पेशी अडकते.

मोगरा

मध्येच विचारते, माफ करा. आईला दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. हातापायांची बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात, झिणझिण्या येतात. ती म्हणते, अशक्तपणामुळे असेल. याचा तुम्ही म्हणता त्या नळ्यांशी संबंध आहे का?

काचपट्टी

मोगरा, माफी कसली. संबंध आहे. मज्जापेशी विभाजन करत नाहीत, पण त्यांचे धागे मणक्याजवळून निघून पायाच्या बोटापर्यंत जातात. एवढ्या लांबीवर माल पोचवायला आत मायक्रोट्यूब्यूलच्याच वाटा असतात. त्या थिजल्या की सगळ्यात लांबच्या टोकाची आधी उपासमार होते, म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून. व्हिन्क्रिस्टिननेही असंच होतं.

आईंना म्हणावं, अशक्तपणा म्हणून अंगावर काढू नका. पुढच्या डोसची वाट न बघता त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना सांगा. शर्टाची बटणं लावता येतात का, चालताना तोल जातो का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, असं नेमकं सांगा. डोस कमी करायचा, लांबवायचा की औषध बदलायचं, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं. आपण होऊन डोस चुकवू नका.

निळाजांभळा

+१. आणि गरम पाणी, गॅस, अनवाणी चालणं जपून. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

मोगरा

आजच फोन करते. दोघांचेही आभार.

तुळई

काचपट्टी, डोक्यात बराच उजेड पडला. माझ्यासारख्याला पुढचा प्रश्न सुचणारच: मग गाठच मऊ करावी. ते टाके घालणारं एंझाइम माणसांत रोखून पाहिलंय का?

काचपट्टी

पाहिलंय. त्याच कुळातल्या एलओएक्सएल-२ विरुद्धची सिमटुझुमॅब ही अँटिबॉडी स्वादुपिंडाच्या आणि मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोबरोबर देऊन पाहिली. फायदा झाला नाही. त्याहून बुचकळ्यात टाकणारं म्हणजे २०१४ मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठीभोवतालच्या तंतुमय ऊतीतल्या पेशी काढून टाकल्या, तर गाठी जास्तच आक्रमक झाल्या. ते जाळं गाठीला चिथावतं तसं काही ठिकाणी आवरूनही धरतं. भारवाहक भिंत कोणती हे न बघता पाडायला घेऊ नये, हे मी तुम्हाला काय सांगणार.

सांध्यावर घाव घालणं मात्र जमायला लागलंय. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत बीजाशयाच्या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराला, लो-ग्रेड सिरस, त्यातही के-रास बदललेला आणि आधीच्या उपचारांनंतर उलटलेला असेल तर, दोन औषधांच्या जोडीला परवानगी मिळाली. अ‍ॅव्ह्युटोमेटिनिब तुमच्या बाणांतल्या राफ-मेकला धरतं. पण ती साखळी दाबली की पेशी फॅकच्या वाटेने निसटते. म्हणून डेफॅक्टिनिब, ते फॅकला धरतं. एक गोळी सिग्नलिंगच्या धड्यातली, दुसरी त्या पकडीच्या जागेवरची.